गोठलेली तार

आमच्या जांवयांच्या दारीं एक लहानशी मालमोटार आहे. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत, कालगरी शहरापासून पाऊण तासाच्या वाटेवर, थोडी जमीन आणि दोन घोडे बाळगून आमची मुलगी व जांवई राहतात. घोड्यांचा नाद मुलीचा. आमच्या घराण्यांत टांग्यापलीकडे घोड्याशीं कोणाचा संबंध आल्याचें ऐकिवांत नाहीं. घोड्यांचें गवत आणि शेगडीचीं लांकडें वाहण्यासाठीं जांवयांनीं ही गाडी घेतली. ती मूळची जपानी. जपानांत या जातीच्या गाडीला 'केइ-तोरा' म्हणतात, आणि त्यांतील 'केइ' म्हणजे हलकी. हिची लांबीरुंदी तेथील सरकारनें कायद्यानेंच बांधून दिलेली आहे. १९९० ते १९९८ या काळांत ही मर्यादा ३.३० मीटर लांबी, १.४० मीटर रुंदी आणि ६६० घनसेंटिमीटरचें एंजिन अशी होती. जांवयांची गाडी त्याच काळांतली. भार वाहावयाचा तो ३५० किलो. भातखाचरांच्या कडेनें, अरुंद वाटांवरून जाण्यासाठीं जन्मलेलें हें वाहन पंधरा वर्षांहून जुनें झालें, कीं कॅनडांत आणतांना तेथील नव्या गाड्यांचे सुरक्षानियम त्याला लागू होत नाहींत. त्यामुळें जपानी शेतकऱ्यांनीं वापरून सोडलेल्या अशा पुष्कळ गाड्या समुद्र ओलांडून तिकडे गेल्या आहेत. तेथील धिप्पाड मोटारींच्या शेजारीं ही उभी राहिली, म्हणजे लग्नाच्या पंगतींत एखादें पोर चुकून मोठ्यांच्या रांगेंत बसलें आहे असें वाटतें.

आमचें व हिचें पहिल्याच दिवशीं जमलें, त्याचें कारण अगदीं साधें आहे. जपानांत आपल्यासारखेंच डाव्या बाजूनें वाहन हांकतात, त्यामुळें हिचें चक्र उजवीकडे. कॅनडांत मुलीच्या मोटारींत बसतांना आम्ही दर वेळीं चुकीचें दार उघडावयाचे व ओशाळून मागें फिरावयाचे. परंतु या गाडींत उजव्या दारानें शिरलों, डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर गेला, आणि पुण्यांतील आमच्या जुन्या मोटारींत बसल्यासारखें वाटलें. हमरस्त्यावर आम्हीं ती अर्थात् कधींच नेली नाहीं. घर ते गवताची खोप, आणि खोप ते फाटक, एवढेंच आमचें राज्य.

आम्ही तेथें कां होतों हेंहि सांगितलें पाहिजे. मुलीचें पहिलें बाळंतपण जवळ आलें होतें. आमच्या सौभाग्यवती जाणारच होत्या. आम्हीं कॉलेजांतून एका सत्राची रजा काढली व पाठोपाठ गेलों. बाळंतपणाच्या घरांत पुरुषमाणसाला काम नसतें. पुस्तकें वाचून होईनात तेव्हां आम्हीं लांकडें आणण्याचें काम मागून घेतलें, आणि तेथून पुढील सर्व हकीकत घडली.

या गाडीचें एंजिन मागील चाकांजवळ आहे. चालक बसतो तो मात्र अगदीं पुढें. त्याचा पाय आणि हात जें सांगतात तें गाडीच्या पोटाखालून मागें पोंचवावयाचें, आणि हें काम करतात त्या केबली. आपल्याकडील मिस्त्री ज्यांना 'वायर' म्हणतात त्या. एक ॲक्सिलरेटरची, एक क्लचची, दोन गिअरच्या, शिवाय हातब्रेकच्या. तत्त्व जुनेंच आहे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन नांवाच्या आयरिश गृहस्थानें १८९६ सालीं याचें पेटंट घेतलें. आंत पीळ दिलेली पोलादी तार आणि बाहेर तारेच्याच दाट वेटोळ्यांची नळी. आम्हांस इतकीं वर्षें वाटत होतें कीं काम तें आंतली तार करते, आणि नळी म्हणजे केवळ अंगरखा. तसें नाहीं. तार जितक्या जोरानें ओढली जाते तितक्याच जोरानें नळी उलट दाबली जाते, आणि ती दबत नाहीं म्हणूनच ओढ वळणें घेत दुसऱ्या टोंकाला पोंचते. गिअरची तार यापेक्षां जाड असते, कारण तिला ओढणें आणि ढकलणें अशीं दोन्ही कामें असतात. परंतु सर्वांची गरज एकच: तार आणि नळी यांच्यामधली केसाएवढी फट मोकळी राहिली पाहिजे.

त्या फटींत पाणी शिरणें हें आपल्याकडे नवें नाहीं. विद्यार्थिदशेंत आमची सायकल श्रावणभर भिजावयाची आणि भाद्रपदांत तिचा ब्रेक दाबला तर तो दाबलेलाच राहावयाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक वृद्ध मिस्त्री बसत. ते आउटरचें वरचें टोंक हातांत धरून तेलाचे दोन थेंब सोडीत, आणि थेंब खालीं उतरेपर्यंत आमच्याशीं राजकारणावर बोलत. "वायर गंजून तुटत नाहीं," असें ते म्हणत, "तिच्यांत पाणी कोंडतं म्हणून ती तुटते." यांतला भेद त्या वयांत आम्हांस कळला नाहीं. पुढें सायकल सुटली, आणि मिस्त्रीहि राहिले नाहींत.

कालगरीच्या बाजूस मात्र पाणी कोंडलें तर गंजाची वाट पाहावी लागत नाहीं. आम्ही गेलों तेव्हां आमची समजूत अशी, कीं जेथें सदैव शून्याखालीं वीस अंश थंडी आहे तेथें पाणी येणार कोठून? सारें कोरडें ठणठणीतच असणार. कडक थंडीचे दिवस खरोखरच तसे असतात. पायाखालचा बर्फ साखरेसारखा करकरतो आणि तो झटकला तर कपड्यांना ओल लागत नाहीं. घात करतो तो चिनूक नांवाचा वारा. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा रॉकी पर्वत चढतांना आपलें पाणी पलीकडच्या उतारावर टाकते, आणि अलीकडे कोरडी होऊन उतरतांना दाबानें तापत जाते. दर हजार मीटरला सुमारें दहा अंश. पश्चिमेकडे आकाशांत ढगांची एक लांब कमान दिसूं लागते, तिच्याखालीं निळ्या आकाशाची पट्टी उघडी राहते, आणि कांहीं तासांतच पारा वीस अंशांनीं वर चढतो. लोक कोट काढून हिंडतात; पागोळ्या गळूं लागतात. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या दिवशीं गोधडी उन्हांत टाकली होती. रस्त्यांत बर्फाचा पातळ चिखल होतो व तो चाकांनीं उडून गाडीच्या पोटाला, केबलींच्या गांठींना आणि जुन्या रबरी टोप्यांच्या चिरांना जाऊन चिकटतो. मग वारा पडतो. रात्रीं पुनः पारा खालीं येतो, आणि दिवसा जेथें थेंब शिरला तेथें रात्रीं खडा होतो. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, हें आम्हीं शाळेंत पाठ केलें होतें. केसाएवढ्या फटींत त्याचा अर्थ काय होतो याचा विचार मात्र केला नव्हता.

अशाच एका चिनूकनंतरच्या सकाळीं उणें सत्तावीस अंश होते. जांवई दोन दिवसांसाठीं कामानिमित्त उत्तरेकडे गेलेले. गाडीचें एंजिन चटकन् सुरू झालें, कारण त्याला रात्रभर विजेची ऊब देण्याची तेथें सोय असते. गाडीच्या तोंडाशीं लोंबणारी प्लगची वायर भिंतींत खोंचली कीं झालें. एंजिनाची अशी बडदास्त आणि केबली उघड्यावर! गिअरचा दांडा जागचा हलेना. आम्हीं दोन्ही हातांनीं जोर केला, पण तो भिंतींत पुरलेल्या खुंटीसारखा.

येथें आमच्या शिक्षणानें आम्हांस दगा दिला. गोठलेलें वितळविण्यास उष्णता लागते, हें तर्कशास्त्र निर्दोष आहे. आम्हीं स्वयंपाकघरांतून चहाची मोठी किटली आणली, गाडीखालीं वांकून सर्व केबलींच्या जुडग्यावर ती रिती केली, आणि पुनः भरून आणून पुढच्या टोंकांवरहि ओतली. या बाबतींत आम्हीं कंजूषपणा केला नाहीं. वाफेचा लोट उठला. दांडा सुळकन् पहिल्या गिअरमध्यें गेला! लांकडें आलीं, शेगडी पेटली, आणि जेवतांना आम्हीं हा प्रयोग सौभाग्यवतींना व मुलीला कांहींशा विस्तारानें सांगितला. किटली कोठली हें मात्र सांगितलें नाहीं, कारण सौभाग्यवतींना तें रुचलें नसतें.

रात्रीं गाडी उघड्यावर उभी केली. हातब्रेक ओढून ठेवूं नये, कारण त्याची तार ओढलेल्या स्थितींत गोठली तर सकाळीं चाकें सुटत नाहींत. गाडी गिअरमध्यें ठेवावी आणि चाकाखालीं लांकडाची पाचर द्यावी, असें जांवयांनीं सांगून ठेवलें होतें. त्याप्रमाणें आम्हीं पहिल्या गिअरमध्यें ठेवली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दांडा पहिल्या गिअरमध्येंच घट्ट बसला होता. आम्हीं मनाशीं म्हटलें, जावयाचें तर पुढेंच आहे. पहिला गिअर चालेल. पाचर काढली. मुलगी फाटक उघडण्यासाठीं पुढें चालत गेली होती. सातवा महिना संपत आलेला, अंगावर नवऱ्याचा मोठा कोट, आणि एका हातानें कंबर धरून ती हळूहळू पावलें टाकीत होती. क्लच दाबून आम्हीं गाडी सुरू केली. ॲक्सिलरेटरचें पेडल कठीण लागलें म्हणून जोरानें दाबलें. आंत कांहींतरी कट्कन् मोडल्यासारखें झालें आणि पेडल तळापर्यंत गेलें. पाय उचलला, पेडल तेथेंच राहिलें. एंजिन किंचाळूं लागलें. गोंधळून क्लचवरचा पाय निसटला आणि गाडीनें उडी घेतली.

ती हलकी गाडी आहे, आणि पहिला गिअर म्हणजे कांहीं वायुवेग नव्हे, असें आतां लिहितांना म्हणतां येतें. त्या वेळीं आम्हांस समोर फक्त तो मोठा कोट दिसत होता. ब्रेकवर पाय टाकूं गेलों, तर बर्फांत घालावयाचे ते जाडजूड बूट त्या चिमुकल्या जागेंत दोन पेडलांच्या मध्यें अडकले. ओरडलों असूं, पण कांचा बंद होत्या. शेवटीं हात किल्लीकडे गेला. एंजिन बंद पडलें, आणि गाडी गिअरमध्येंच असल्यामुळें गचके खात, फाटकाअलीकडच्या बर्फाच्या ढिगाला नाक लावून उभी राहिली. मुलगी तेथून दोन हातांवर होती. ती मागें वळली, आम्हांकडे पाहून हंसली व म्हणाली, "अहो बाबा, इथं एवढी घाई नसते कुणाला!"

आम्हीं कांच खालीं केली आणि म्हणालों, "बर्फावरून घसरली."

हें मासिक तिच्याकडे टपालानें जातें. तेव्हां तिला खरें काय तें आज या वाटेनें कळेल. आम्हीं तें तोंडानें सांगावयास हवें होतें; परंतु त्या दिवशीं तिच्या त्या अवस्थेंत सांगवलें नाहीं, आणि नंतर जसजसे दिवस गेले तसतशी सांगण्याची वेळ निघून गेल्यासारखी वाटूं लागली. आपल्या पोटच्या मुलीशीं खोटें बोलण्याचा आम्हांस फारसा सराव नाहीं. दोन शब्दांचें तें वाक्य त्यानंतरच्या कित्येक रात्रीं आमच्या कानांत होतें, आणि त्याच्या पाठीमागें एंजिनाचा तो आवाज.

जांवई संध्याकाळीं परत आले. त्यांनीं शेजाऱ्यांच्या मदतीनें गाडी घरालगतच्या तापवलेल्या गॅरेजमध्यें ढकलून घेतली व ॲक्सिलरेटरच्या केबलीचें टोंक सोडविलें. कांहीं वेळानें रबरी टोपीखालून बर्फाचा एक लांबट दाणा त्यांच्या तळहातावर पडला. शितासारखा, आणि चिनूकच्या चिखलाचा गढूळपणा त्यांत नव्हता; अगदीं स्वच्छ, पारदर्शक. त्यांनीं तो उजेडांत धरून पाहिला. मग त्यांची नजर भिंतीवरील फळीवर गेली. तेथें किटली होती. ती परत नेण्याचें आम्ही विसरलों होतों. जांवयांनीं किटली उचलली, स्वयंपाकघरांत नेऊन ठेवली आणि परत येऊन म्हणाले, "बाबा, जरा हें टोंक धरतां का?"

त्यापलीकडे त्यांनीं तेव्हां एक अक्षरहि उच्चारलें नाहीं. पुढील तीन दिवस आम्ही त्यांचे मदतनीस होतों.

सर्व केबली सोडवून त्या गॅरेजमध्यें खिळ्यांना उभ्या टांगल्या व खालीं वर्तमानपत्र पसरलें. रात्रभरांत कागदावर डाग पडले. ॲक्सिलरेटरची केबल सर्वांत जास्त गळली. आमच्या दोन किटल्यांचा हिशेब तेथें लागत होता, आणि आम्ही तो डाग पाहण्यासाठीं रात्रीं दोनदां उठून आलों हें येथें कबूल करतों. दुसऱ्या दिवशीं प्रत्येक नळीच्या वरच्या तोंडाशीं प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून बांधला व त्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलें. तें पाण्यांत मिसळतें, त्याला गोठूं देत नाहीं, आणि स्वतः उडून जातांना त्यालाहि बरोबर नेतें. तें ज्वालाग्राही, म्हणून शेगडी विझविली व दार उघडें ठेविलें; आम्ही दोघे कानटोप्या घालून थेंब मोजीत बसलों. पहिल्यानें तपकिरी थेंब आले, मग पिवळट, मग निर्मळ. त्यानंतर हवेच्या दाबानें नळ्या कोरड्या केल्या. सायकलच्या मिस्त्रींची आम्हांस येथें फार आठवण झाली, आणि त्यांचें तें वाक्य आम्हीं जांवयांना सांगितलें. त्यांनीं तें पुनः म्हणावयास लावलें.

आम्ही ग्रीसचा डबा आणूं लागलों तेव्हां मात्र त्यांनीं थांबविलें. ग्रीस म्हणजे साबणासारख्या द्रव्यांत धरून ठेवलेलें तेल. साधें ग्रीस कडाक्याच्या थंडींत इतकें घट्ट होतें, कीं पाणी नसतांहि तार अडते. बाजारांत मिळणारा पातळ तेलाचा फवाराहि पुरत नाहीं. तो पाणी हुसकतो हें खरें, पण पूर्वीचें वंगण धुऊन टाकतो व स्वतः फार दिवस टिकत नाहीं. म्हणून अति थंडींतहि पातळ राहणारें कृत्रिम तेल, तेंहि थेंबाथेंबानें. ॲक्सिलरेटरच्या केबलीचें बाहेरचें आवरण एंजिनाजवळच्या वळणावर चिरलेलें निघालें. ती बदललीच, नवीच्या नळीला आंतून प्लॅस्टिकचें गुळगुळीत अस्तर होतें. तिच्यांत कांहीं घालावें लागत नाहीं, आणि उत्साहानें ग्रीस भरणारा मनुष्य तिचें नुकसान करतो. पेडल परत आणणारी स्प्रिंग ढिली झाली होती तीहि बदलली. टोंकांवरच्या रबरी टोप्या नव्या घातल्या, कारण पाणी बाहेर काढण्यापेक्षां तें आंत न येऊं देणें सोपें, आणि तें काम हिंवाळ्यांत नव्हे, ऑक्टोबरांत करावयाचें असतें. आणखी एक गोष्ट आम्हांस अगदींच नवी होती. चिखलांतून आलेली गाडी एक तर उघड्यावर गोठूं द्यावी, नाहीं तर ऊबेंत पूर्ण सुकेपर्यंत ठेवावी. तासभर ऊब देऊन पुनः बाहेर काढणें सर्वांत वाईट; पोटाला चिकटलेला निरुपद्रवी बर्फ वितळून नेमका नळ्यांत उतरतो.

सर्व जुळल्यावर जांवयांनीं आम्हांस चालकाच्या जागीं बसविलें. एंजिन सुरू करण्यापूर्वीं पेडल तीन वेळां दाबावयाचें व पाय उचलावयाचा. प्रत्येक वेळीं तें आपल्याआपण वर येऊन टक् असा आवाज झाला तरच किल्ली फिरवावयाची. मग म्हणाले, "आतां समजा, अडकलं." आम्हीं क्लच दाबून किल्ली एक घर मागें घेतली. "पुनः." असें त्यांनीं आम्हांकडून दहा-बारा वेळां करून घेतलें. तीस वर्षें दुसऱ्यांच्या परीक्षा घेणारा मनुष्य त्या गारठ्यांत घामाघूम झाला. शेवटीं आम्हींच म्हणालों, "त्या दिवशीं ती घसरली नव्हती." ते पाना पुशीत होते. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "तुम्ही किल्ली फिरवलीत, तें बरं केलंत." मग घरांतून जेवणाची हांक आली.

मार्चांत नात झाली. तिला इस्पितळांतून आणलें त्या दिवशीं चिनूक सुटला होता व अंगणांत चिखल होता. आम्ही त्या दोन महिन्यांत लांकडांच्या कित्येक खेपा केल्या. प्रत्येक खेपेस तीन वेळां टक् ऐकल्याशिवाय किल्लीला हात लावला नाहीं, आणि गाडीच्या पुढें कोणी चालत असेल तर त्याला परत बोलावून शेजारीं बसविलें. मुलीला हें वयाचें भित्रेपण वाटलें.

आतां पुण्यास परत येऊन दोन वर्षें झालीं. ऑक्टोबर लागला, कीं आम्ही फोनवर नातीची चौकशी आटोपून हळूच विचारतों, "त्या टोप्या पाहिल्या का?" मुलगी म्हणते, "बाबा, माझ्यापेक्षां तुम्हांला त्या गाडीचीच काळजी जास्त." मग ती फोन जांवयांकडे देते.

"पाहिल्या, बाबा," ते म्हणतात. "एक चिरली होती. बदलली."